दवाखान्याची कारभारीण

अर्धं अंगण सारवून झालं होतं. तुळशीपासून उंबऱ्यापर्यंतची बाजू ओली, हिरवट दिसत होती आणि दावणीकडची अजून कोरडी पडली होती, तेवढ्यात ऋतुजाचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. तिची आई, संगीताबाई, घरातून धावत आली, पदराला हात पुसून तिनं फोन उचलला आणि लेकीच्या कानाला लावून धरला.

"हां... हो साहेब... सोमवारी? हो, येते."

"कोण व्हतं गं?"

"गेवराईचा दवाखाना. सोमवारपासून रुजू व्हा म्हणाले."

संगीताबाई तशीच आत गेली, देवापुढं चिमूटभर साखर ठेवली, हात जोडले, आणि त्यातलीच साखर आणून लेकीच्या तोंडात घातली. "ऱ्हाऊ दे आता ते सारवण. मी करते," ती म्हणाली आणि ऋतुजाच्या हातातला बोळा काढून घेतला. गेले पाच सोमवार तिनं उपास धरले होते. लेकीला मात्र पोटाला बरं नाही म्हणून सांगितलं होतं.

चकलांब्यातलं हे घर मेंढरांवर चालणारं. वडील अंगद, पन्नाशी गाठलेले, गावातल्या जुन्या मेंढपाळांपैकी एक. लेक बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, पण डॉक्टरकीला ते मार्क पुरले नाहीत. मग तिनं गेवराईला बी. एस्सी. केलं आणि पुढं छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात राहून रुग्णालय व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. आता हे व्यवस्थापन म्हणजे काय, हे गावाला समजावणं त्या अभ्यासक्रमापेक्षा अवघड होतं. अंगदचा लहानपणापासूनचा सोबती बंकट, त्यानं पारावर चारचौघांत विषय काढला.

"अंगदा, पोरगी डॉक्टर झाली म्हणं?"

"न्हाई."

"मंग नर्स?"

"न्हाई."

"सुई तरी टोचती का न्हाई?"

"न्हाई बे."

"मंग दवाखान्यात करती काय? झाडू मारती?"

अंगदनं डोक्यावरचा पटका सारखा केला. मग म्हणाला, "कारभार बघती. कोण कुठं बसायचं, कुणी आधी जायचं, कापूस-पट्टी हाय का संपली, समदं. दवाखान्याची कारभारीण हाय ती."

सगळा पार हसायला लागला. आमच्याकडं कारभारीण म्हणजे बायको. "आन् कारभारी कोण मंग?" बंकट म्हणाला, "लगीन दवाखान्यासंगं लावलंस का काय पोरीचं?" अंगदही हसला, पण ते नाव पडलं ते पडलंच. ऋतुजाला आधी त्याचा राग यायचा.

तिला स्वतःला हे काम काय असतं ते बरंच आधी कळलं होतं. ती नऊ वर्षांची असताना संगीताबाईच्या पोटात फार दुखायला लागलं म्हणून एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथं डॉक्टर होते, औषधंही होती. पण कुठल्या खिडकीला जायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसरीवरून परत पहिल्या. अंगदला वाचता येत नव्हतं, संगीताबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. दुपार झाली तेव्हा निळ्या शर्टातला एक माणूस जवळ आला. त्यानं कागद हातात घेतला, "माझ्या मागं या" म्हणाला आणि तीन दारं ओलांडून सरळ आत नेऊन सोडलं. ऋतुजाला वाटलं, हाच इथला सगळ्यात मोठा डॉक्टर. पुढं कळलं की तो डॉक्टर नव्हता, तिथला एक कर्मचारी होता. त्याचं नाव काही कुणाला ठाऊक नाही. पण संगीताबाई आजही संध्याकाळी दिवा लावताना घरच्यांच्या नावांमागोमाग "त्या निळ्या शर्टवाल्याला सुखी ठेव" म्हणते. देव पत्ता बरोबर शोधत असणार, तिला तशी खात्री आहे.

तर सोमवारी ऋतुजा रुजू झाली. दवाखाना एका संस्थेचा, तीस खाटांचा, कमी पैशात इलाज करणारा. नेकनूरपासून गोदाकाठच्या वाड्यांपर्यंतची माणसं तिथं येतात. प्रमुख डॉक्टर मोहनराव, सरळ पण करडा माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तीन महिने तुमचं काम बघू. जमलं तर कायम, नाही तर नाही. बाहेरच्या विभागाची गर्दी हे आमचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. ते बरं करून दाखवा."

ऋतुजाला ही जागा हवी होती, अगदी मनापासून. शहरात तिच्या मैत्रिणी मोठ्या चकाचक इस्पितळांत लागल्या होत्या. तिला मात्र आपल्या भागातच, जिथं आई भिंतीला टेकून बसली होती तसल्याच माणसांत काम करायचं होतं. आणि आपल्या भागात असली जागा एकच होती.

पहिले दोन आठवडे तिनं नुसतं बघितलं, लिहून घेतलं. तिसऱ्या सोमवारी घोळ झाला.

त्या दिवशी संस्थेची दोन माणसं पाहणीला येणार होती. ऋतुजा सकाळी लवकरच्या एसटीनं आली. बघते तर बाहेरच्या विभागाच्या दारापासून थेट फाटकाजवळच्या कडुलिंबापर्यंत चपलांची ओळ. मध्ये एखादा दगड, कुठं अर्धी वीट, पाण्याची बाटली, एक गुंडाळलेलं बारदान. माणूस एक नाही. शिकताना तिच्या मनावर बिंबवलेलं, की दवाखान्याची वाट कायम मोकळी पाहिजे, स्ट्रेचर अडायला नको. तिनं पहारेकरी हनुमानमामांना हाक मारली.

"मामा, ह्या चपला उचला आणि तिकडं फळीवर लावा. दगड-विटा बागेत टाका."

हनुमानमामा जागचे हलले नाहीत. "म्याडम, त्या चपला न्हाईत."

"मग काय आहेत?"

"माणसं हायेत ती."

"मामा, आज मस्करीला वेळ नाही हो," ती म्हणाली, आणि पदर खोचून स्वतःच कामाला लागली. जोड्या जुळवल्या, फळीवर ओळीनं मांडल्या. दगड गुलाबाच्या वाफ्यात गेले. वाट कशी आरशासारखी झाली. तिला फार समाधान वाटलं.

साडेआठला दार उघडायची वेळ झाली आणि चहाच्या टपरीवरून, झाडाखालून, देवळाच्या ओट्यावरून माणसं परत आली. जो तो आपली खूण शोधायला लागला. मग एकच गिल्ला.

"माझा दगड कुठंय?"

"कसला दगड?"

"पांढरा! तिसऱ्या लंबरचा! चार कोसावरून आलोय मी!"

"तिसरी तर माझी वीट व्हती!"

"तुझी वीट सातवी व्हती, देवाशप्पथ, मी मोजली व्हती!"

एक बाई गुलाबाच्या वाफ्यात उकिडवी बसून दगड ओळखत होती. दोघांनी एकाच दगडावर हक्क सांगितला. पुढं असलेले मागं झाले, मागचे दारात घुसले, एका म्हाताऱ्याचा पटका पायाखाली गेला. पाहणीला आलेली माणसं फाटकातच थांबून हे सगळं बघत होती.

त्या गर्दीत चंद्रभागाबाई होती. सत्तरीची, नदीकाठच्या एका वाडीवरून दुधाच्या गाडीत बसून आलेली. पहाटे पाचला तिनं पहिली चप्पल ठेवली होती. तिला फक्त रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या न्यायच्या होत्या. ढकलाढकलीत ती कडेला पडली, आणि फळीवरची तिची चप्पल कुणीतरी घाईत पायात घालून गेलं होतं. दुपारी परतीच्या गाडीची वेळ झाली तरी तिचा नंबर आला नाही. जाताना ती ऋतुजासमोर येऊन थांबली. ओरडली नाही.

"चप्पल गेली तर जाऊ दे बाई. पण माझा लंबर घालवलास तू."

आणि अनवाणीच निघून गेली.

संध्याकाळी मोहनरावांनी बोलावलं. "पुढच्या सोमवारपर्यंत वेळ देतो. पुन्हा असा बाजार भरला तर तीन महिने थांबायची गरज नाही, तुम्ही दुसरीकडं बघा." ऋतुजा "हो" म्हणून बाहेर आली. तिला नोकरीची भीती होतीच, पण लाज त्याहून जास्त वाटत होती. लहानपणी रेशनच्या दुकानापुढं आजीची चप्पल ओळीत ठेवून ती स्वतः तासन्‌तास सावलीत खेळली होती. चप्पल ठेवली म्हणजे माणूस उभा. हे शहरातल्या पोरीला माहीत नसतं तर चाललं असतं. चकलांब्याच्या पोरीला कसं विसरता येईल?

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. संगीताबाईनं ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "चूक उमगली ना? मंग देवाचे आभार मान. लोकांना उमगत बी न्हाई." अंगदला मात्र हसू आवरेना.

"म्हंजे मेंढरांच्या अंगावरची खूण पुसून टाकलीस तू, आन् वर म्हणतीस कशी, कळप सोच्छ दिसतोय!"

"दादा, हसू नका हो. माझी नोकरी जाईल."

"बरं, न्हाई हसत," असं म्हणून ते आणखी हसले.

सकाळी ती तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा अंगद वाघूर उघडत होते. वाघूर म्हणजे मेंढरांना रात्री कोंडायचं जाळं. ऋतुजानं ते जन्मापासून पाहिलं होतं, पण त्या दिवशी उभी राहून बघितलं. त्यांनी आधी लंगडी मेंढी हातानं बाहेर काढली. मग नुकत्याच व्यालेल्या दोन. कोकरं टोपलीसारख्या डालग्याखालीच राहू दिली. आणि मग जाळं दोन ठिकाणी उचललं, तसा कळप दोन धारांनी वाहत बाहेर पडला.

"दादा, दोन ठिकाणी कावून उचलता?"

"समद्यास्नी एकाच फटीतनं सोडलं तर लंगडं पायाखाली जातं. मोठं दांडगं पुढं घुसतं. येवढं बी ठावं न्हाई व्हय कारभारणीला?"

त्या दिवशी त्या नावाचा तिला राग आला नाही.

मंगळवार ते शुक्रवार ती दवाखान्याच्या पायरीवर वही घेऊन बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत गेली, "मावशी, कशासाठी आलात? बाबा, तुमचं काय?" पहिल्या दिवशी लोक तिच्याकडं पाठ करून बसले. "हिच्यापास्नं चपला सांभाळा रं," असा टोमणाही आला. तिनं तो हसून घेतला. शुक्रवारी वही उघडली तर गोष्ट उघड होती. दहातली सहा माणसं फक्त महिन्याच्या गोळ्या न्यायला येत होती, बीपीच्या नाही तर साखरेच्या. दोन मिनिटांच्या कामासाठी चार तास बसत होती, आणि त्यांच्यामागं तापानं फणफणलेलं लेकरू ताटकळत होतं.

ती मोहनरावांकडं गेली. ओळी तीन करू, म्हणाली. गोळ्यावाल्यांची एक, तिथं सिस्टर बीपी बघतील, दुसरे डॉक्टर बसून सही करतील. नव्या दुखण्याची एक. तपासण्यांचे कागद दाखवायला आलेल्यांची एक. पोटुशी बाई, तान्हं लेकरू, जास्त ताप असलेला माणूस, यांना ओळच नाही, सरळ आत. आणि ओळी दाराच्या कडेनं आखू, म्हणजे मधली वाट मोकळी राहील.

"चांगलं आहे. टोकन यंत्र मागवू का?"

"नको साहेब. चपला ठेवतील."

"चपलांसाठी ओळी आखायच्या? बाहेरची माणसं हसतील."

"हसू द्या साहेब. चपला तर कुणी काहीही सांगितलं तरी ठेवणारच आहेत. कुठं ठेवायच्या तेवढं आपण सांगू."

मोहनराव चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "करा," म्हणाले. "पण सोमवार तुमचा."

शनिवारी दुपारी ऋतुजानं चंद्रभागाबाईचा केसपेपर शोधला. त्यावर वाडीचं नाव होतं. मोहनरावांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि हनुमानमामांनी ऋतुजाला आपल्या मोटरसायकलवर बसवून तिकडं नेलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "म्याडम, मी त्या दिशी सांगितलं व्हतं." "हो मामा. माझंच चुकलं. इथून पुढं तुम्ही सांगितलं की मी आधी थांबणार." त्यावर मामांनी गाडी जरा जोरातच सोडली. त्यांच्या पाठीकडं बघूनही ते खूश झालेले कळत होते.

चंद्रभागाबाई पत्र्याच्या सावलीत मुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली.

"आली का चपला चोरणारी?"

ऋतुजानं वाकून पायांवर डोकं ठेवलं. पायांना चिरा पडल्या होत्या. पिशवीतून गोळ्या आणि नव्या चपलांचा जोड काढून पुढं ठेवला. म्हातारीनं गोळ्या घेतल्या, कपाळाला लावल्या. चपला मात्र उलटसुलट करून बघितल्या.

"मोठ्या हायेत."

"बदलून आणते, आजी."

"ऱ्हाऊ दे. लंबराला मोठी चप्पलच बरी, लांबून दिसती." आणि तिचं बोळकं हसलं. "चहा घेशील का, का तो बी उचलून फळीवर ठिवशील?"

हनुमानमामांना हसताना ठसका लागला. ऋतुजाला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. एवढ्या लांब अनवाणी गेलेलं माणूस आपल्याला चहा विचारतंय, हे तिला सहन होईना. देव माफ करतो तेव्हा असाच कुणाच्या तरी हातून चहा पाजत असावा. तिनं दोन्ही हातांनी कप धरला. सोमवारच्या तीन ओळींची गोष्ट तिनं तिथंच सांगितली. चंद्रभागाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण अडाण्याला कसं कळायचं, कुठली वळ कशाची?" खरंच की. ऋतुजा पाट्या लिहून घेणार होती.

म्हणून रविवारी पाट्यांऐवजी रंग आले. ऋतुजा आणि हनुमानमामा सकाळपासून राबले. चुन्याची पांढरी ओळ, पांढऱ्या गोळ्या न्यायच्या. गेरूची तांबडी, नवं दुखणं. निळीची निळी, तपासण्यांचे कागद. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी त्याच रंगाचं एकेक फडकं बांधलं. संगीताबाईला घरी बसवेना. तीही एसटीनं आली होती, पहिल्या रेघेवर तिनं हळद-कुंकू वाहिलं. मामा म्हणाले, "वहिनी, ही काय पेरणी हाय का?" ती म्हणाली, "मंग काय हाय?"

सोमवार उजाडला. आधी गोंधळ झालाच. एका बाबांनी एक चप्पल पांढऱ्या ओळीत आणि दुसरी तांबड्या ओळीत ठेवली.

"बाबा, हे काय?"

"गोळ्या बी न्यायच्यात आन् गुडघा बी दुखतोय. दोन पाय, दोन लंबर!"

"दोन पायांचे दोन लंबर न्हाई चालत," हनुमानमामा गरजले. "एका पायावर घरी जाल का?"

सगळे हसले, बाबाही हसले आणि तांबड्या ओळीत गेले. पांढऱ्या ओळीत पहिली चप्पल चंद्रभागाबाईची होती, नवी, मोठी. गोळ्या तर तिला शनिवारीच मिळाल्या होत्या. पण ती बीपी मोजून घ्यायला आली होती, असं तिचं म्हणणं. पावणेनऊला तिचं काम झालं, तरी ती गेली नाही. ओळीच्या तोंडाशी बसून नव्या माणसाला सांगत राहिली, "तुमचं काय? कागद? मंग निळीत जावा. इकडं कावून आलात?" दहा वाजता एक पोटुशी बाई फाटकातून आली तेव्हा तिन्ही ओळींतल्या माणसांनी कुणी न सांगता वाट दिली.

ऋतुजा एका जागी बसली नाही. केसपेपरच्या खिडकीवर गेली, औषधाच्या खिडकीवर गेली, सिस्टरला पाणी नेऊन दिलं. एका बाईला कुठं जायचं ते समजेना. तिच्या हातातला कागद घेऊन ऋतुजा म्हणाली, "माझ्या मागं या." म्हटल्यावर एक क्षण तिचा पाय अडखळला. मग तिनं बाईला दारापर्यंत पोचवलं.

एरवी दोन वाजेपर्यंत तुंबलेलं असणारं अंगण साडेअकरालाच रिकामं झालं. मोहनराव बाहेर आले, इकडं तिकडं बघितलं.

"आज सुट्टी आहे का?"

"नाही साहेब. एकशे बेचाळीस पेशंट झाले."

ते तीन ओळींच्या कडेनं शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. निळ्या ओळीत एक अर्धी वीट शिल्लक होती. त्यांनी वाकून ती उचलायला हात घातला, आणि मग तशीच राहू दिली. "कुणाची तरी असेल," म्हणाले.

दुपारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं. तोंडानं शाबासकी देणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी केसपेपरचा नमुना पुढं सरकवला. "हे संपत आलेत. नवे छापायचेत. कोपऱ्यात ओळीचा रंग टाका, म्हणजे खिडकीवरच कळेल. आणि खाली हे घाला." त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: व्यवस्थापक, बाह्यरुग्ण विभाग. त्याखाली तिचं पूर्ण नाव.

"साहेब, पण तीन महिने..."

"छापलेला कागद तीन महिन्यांसाठी नसतो," ते म्हणाले, आणि खाटांवरच्या पेशंटांकडं फेरीला निघाले.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला. संगीताबाई ऐकता ऐकताच रडायला लागली. मागून अंगदचा आवाज आला, "काय झालं गं, रडतीस कावून?" मग फोन त्यांच्याकडं गेला. "बरं झालं," एवढंच ते म्हणाले. मागं मेंढरांची घंटी वाजत होती. ऋतुजानं हनुमानमामांना तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा नव्हता म्हणून तिच्याकडूनच वाचून घेतला, दोनदा. चंद्रभागाबाई दुधाच्या गाडीत चढत होती, तिला धावत जाऊन सांगितलं. म्हातारीनं गाडीतूनच तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

मग ऋतुजानं नमुन्याची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. छापखाना पाच वाजता बंद होतो. तिला त्याआधी जाऊन दोन हजार केसपेपर छापायला टाकायचे होते.